झाकलेलं ऊन

“बाबा, काय केलंत हे!”

रेवा ओरडली. ओरडली म्हणजे गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, इतकी की खाली नाक्यावर रिक्षात पाय वर घेऊन बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. भगवान मोकल गच्चीच्या कठड्याशी नायलॉनच्या दोरीचं टोक हातात धरून उभा होता. वय सहासष्ट, स्वतःची तीनमजली इमारत, खाली चौदा दुकानं भाड्यानं दिलेली, गावच्या जत्रेत पहिला नारळ वाढवायचा मान. अशा माणसावर कोणी ओरडत नाही. बायको होती तेव्हा तीसुद्धा रागावली की भांड्यांशी बोलायची, त्याच्याशी नाही. आणि ही तर सून. तीन वर्षांपूर्वी हरेशशी लग्न करून डोंबिवलीहून आलेली, इंजिनिअर, हुशार, पण टीव्हीचा आवाज कमी करायचा तरी आधी “बाबा, करू ना?” असं विचारणारी. आता तिचा चेहरा उन्हानं आणि संतापानं लाल झाला होता, केस सुटले होते आणि हातातला टेस्टर तिनं त्याच्याकडे रोखून धरला होता. भगवानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता आपल्याला राग येणार, असं त्याला वाटलं आणि तो रागाची वाट पाहत थांबला. राग आला नाही. त्याऐवजी छातीत डाव्या बाजूला कुठेशी एक जुनी गाठ सैल झाल्यासारखं वाटलं आणि तो चांगलाच गोंधळला. डॉक्टरला दाखवावं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

गच्चीवर साठ सोलर पॅनेलं होती आणि ती साठच्या साठ निळ्या ताडपत्रीखाली होती. नवरात्राच्या मांडवाची ताडपत्री. तिच्यावर अजून मागच्या वर्षीच्या झेंडूच्या पाकळ्या सुकून चिकटलेल्या. कोपरे ओढून दोरीनं पक्के बांधलेले, कडेनं विटा ठेवलेल्या. आणि वर एप्रिल महिन्याचं, डोळे मिटायला लावणारं स्वच्छ ऊन. आभाळात ढगाचं नाव नाही. दुपारचे तीन पस्तीस झाले होते आणि सहा वाजता वर्ष संपणार होतं.

वर्ष म्हणजे पेठेचं वर्ष. गेल्या बारा एप्रिलला संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पनवेलच्या आगरनाक्याच्या पेठेनं स्वतःशीच एक पैज लावली होती. बासष्ट दुकानं, दोन बँका, एक जिम आणि एक रक्त तपासायची लॅब. या सगळ्यांनी मिळून वर्षभरात जेवढी वीज घ्यायची, त्याहून जास्त आपल्या छतांवर तयार करून परत द्यायची. कल्पना रेवाची. तिनं सगळ्यांच्या गच्च्या मोजल्या, दिवे बदलायला लावले, पत्र्यांना पांढरा रंग दिला, जनरेटरची काळीकुट्ट शेड मोडून तिथं बॅटऱ्यांची खोली केली. अशा पेठेला ‘एनर्जी पॉझिटिव्ह’ म्हणतात, असं तिनं सभेत सांगितलं तेव्हा आइस्क्रीमवाला हितेश उठून म्हणाला होता, “मॅडम, पॉझिटिव्ह आलो तर चौदा दिवस घरात बसायचं का?” पेठेचे सेक्रेटरी उदयसिंह मात्र हसले नव्हते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. स्क्रू देतानासुद्धा माप तपासणारा माणूस. त्यांनी ठराव लिहिला. वर्षाअखेर पेठ एका युनिटनं जरी पुढे असली तरी पॅनेलं कायम राहतील आणि पलीकडची दुकानांची रांगही या योजनेत येईल. एका युनिटनं जरी मागे असली तर पश्चिमेकडच्या गच्च्या जाहिरातींच्या फलकांना द्यायच्या. पश्चिमेकडची सगळ्यात मोठी गच्ची भगवानची. जाहिरातवाला गेल्याच आठवड्यात येऊन टेपनं मोजून गेला होता, आणि मोजताना त्यानं एका पॅनेलवर चहाचा ग्लास ठेवला होता, तो डाग भगवाननं स्वतः पुसला होता. इमारत त्याची असली तरी त्या ठरावावर त्यानं सभेत हात वर केला होता. तो आता खाली घेणं त्याच्यात बसत नव्हतं.

डाग त्यानंच पुसला, कारण वर्षभर गच्ची तोच बघत होता. सुरुवातीला हरेशला हे पटलं नव्हतं. उरणच्या बंदरावरून ड्युटी करून आलेला हरेश म्हणायचा, “बाबा, माणूस ठेवू ना. मालकानं बादली घेऊन फिरायचं, लोकं काय म्हणतील?” लोकं काय म्हणायची ते म्हणून झाली. भगवान पहाटे साडेपाचला उठायचा, चहा न घेता वर यायचा. हवेत अजून गारवा असायचा, खाडीच्या बाजूनं चिखलाचा ओला वास यायचा, आणि साठ काचांवर रात्रभराची धूळ बसलेली असायची. हायवेची, बांधकामांची, कबुतरांची. लांब दांड्याच्या फडक्यानं एक ओळ वरून खाली, मग दुसरी. वाकायचं, सरकायचं, वाकायचं. पाठ दुखायची, पण ते दुखणं ओळखीचं होतं. पाठीला ते आठवत होतं. सूर्य वर आला की पहिल्या ओळीत उजेड उतरायचा, मग दुसरीत, आणि भगवान फडकं पिळत उभा राहून बघायचा. दुकानं भाड्यानं दिल्यापासून तीस वर्षं तो नुसता खुर्चीत बसला होता. खुर्चीत बसून माणूस मोठा होतो आणि आतून वाळत जातो, हे त्याला फडकं हातात आल्यावर कळलं. या वर्षभरात त्याची झोप सुधारली, दोन वेळा हिरवी मिरची खाऊ लागला, आणि एकदा अंघोळ करताना गाणं म्हणताना रेवानं त्याला ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी वर एक प्लास्टिकची खुर्ची आणि माठ ठेवला. हे सगळं तिच्यामुळे, असं त्याच्या मनात रोज यायचं. बोलला कधी नाही. आपल्यात कोण बोलतं असलं काही.

आणि खरं सांगायचं तर हात वर केला होता तो काही विजेसाठी नाही. त्या सभेत रेवा बोलत होती, जनरेशन म्हणत होती, मग लोकांचे चेहरे बघून ‘निर्मिती’ म्हणाली, तरी चेहरे तसेच. मग शब्द न सापडून ती म्हणाली, “म्हणजे बघा, आपल्या छतावर आपण वीज पिकवायची.” शेवटच्या खुर्चीत पेंगणारा भगवान त्या शब्दानं टक्क जागा झाला. पिकवायची. मिठागरात कोणी मीठ तयार करत नाही, मीठ पिकतं. बांध घालून भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, ऊन खाऊ द्यायचं आणि वाट बघायची, मग एक दिवस पाण्यावर साय धरते, आणि त्याचा बा म्हणायचा, “पिकलं रं.” डोंबिवलीच्या पोरीला हे कुठून माहीत असणार. तिच्या तोंडून ते सहज निघालं होतं. पण हा नाका, ही पेठ, हे दुकानांवरचे दिवे, सगळं मोकलांच्या आणि आणखी चार घरांच्या मिठागरावर उभं होतं. आगर होतं म्हणून आगरनाका. जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर इमारती आल्या, आणि बाहेरून आलेल्या पहिल्या पेंटरनं पाटीवर ‘आग्रा नाका’ असं लिहिलं. मग सगळ्यांनीच तसं लिहिलं. मोबाइलच्या नकाशातही आग्राच आहे. आग्रा इथून कोणीकडे, हे एकदा एका कुरिअरवाल्यानं भगवानलाच विचारलं होतं आणि भगवाननं गंभीरपणे उत्तरेकडे बोट दाखवलं होतं. दुरुस्ती त्यानं कधी केली नाही. पाय खाऱ्या पाण्यात भेगाळलेल्या माणसाचा पोरगा आहोत, हे चौदा दुकानांच्या मालकाला जरा मागे ठेवावंसंच वाटत आलं होतं. त्याची बोलीही तशीच. दुकानदारांशी बोलताना तो ‘आम्ही’ म्हणायचा, आणि घाबरला की ‘आमी’.

आज सकाळी रेवानं मोबाइल बघून सांगितलं होतं, “सहा वाजेपर्यंत आपण वीसेक युनिट पुढे असू, बाबा. फार नाही, पण पुरे.” मग ती बँकेकडच्या दुकानांचे मीटर बघायला निघून गेली. भगवाननं दुपारचं जेवण वरच, पॅनेलांच्या सावलीत केलं. भात, जवळ्याची चटणी, ताक. पापण्या जड झाल्या होत्या. आणि दोनच्या सुमारास खालून हाक आली, “दादा! ओ भगवानदादा! आभाल आयलं बग!”

ती मालू. करंजाहून सुकी मासळी घेऊन येणारी, नाक्याच्या कोपऱ्यावर तिची जागा. मांदेली, बोंबील, सोडे तिथंच उन्हात पसरलेले. भगवाननं डोळे उघडले. डोंगराकडून खरंच एक काळा ढग आला होता. मुठीएवढा नाही, चांगला गाव झाकील एवढा. वारा एकदम पडला. मालू खाली मासळीवर प्लास्टिक ओढत ओरडत होती, “झाका, झाका, अवकाली हाय!” आणि भगवानचे पाय उठले. त्यानं काही ठरवलं नाही. नंतर पुष्कळ आठवून पाहिलं तरी मधला विचार त्याला सापडला नाही, विचार नव्हताच. जिन्याखालच्या खोलीतून ताडपत्र्या निघाल्या, त्याच्या खांद्यावर आल्या. मालू मासळी झाकून धापा टाकत वर आली. तीही साठीची, पण हात पुरुषासारखे. दोघांनी दोन टोकं धरली. “वाऱ्याची बाजू आधी!” असं तो ओरडला, आणि तो आवाज त्याचा नव्हता, त्याच्या बाचा होता. वीस मिनिटांत साठ पॅनेलं झाकून, बांधून, विटा ठेवून झाली. गाठी त्यानं मिठागरातल्या मारल्या. ओढली तर घट्ट, टोक खेचलं तर एका झटक्यात सुटणारी. सत्तावन्न वर्षांत बोटांनी ती गाठ मारली नव्हती आणि बोटं चुकली नाहीत. मालू पदरानं तोंड पुसत म्हणाली, “बरा झाला दादा, वेलेवर झाकलाव,” आणि खाली गेली. ढग इमारतींवरून सरकत खारघरकडे निघून गेला. थेंब पडला नाही. पण झाकलेलं लगेच उघडायचं नसतं. एका ढगामागे दुसरा असतो. भगवान खुर्ची ओढून ताडपत्रीशेजारी बसला. तिच्यावर हात ठेवला. आत सगळं कोरडं आहे, शाबूत आहे, या समाधानानं त्याचं अंग हलकं झालं, आणि तो इतका सुखानं झोपला की घोरलासुद्धा असेल.

दोन दहाला रेवाच्या मोबाइलवर पश्चिमेच्या छताची रेघ सरळ खाली, शून्यावर गेली होती. ती धावत आली ती तळमजल्यावर. इन्व्हर्टर उघडला, वायरी तपासल्या, कंपनीला फोन केला, कंपनीच्या माणसानं सांगितलं तसं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, परत शून्य. यात तासाहून जास्त गेला. मग तिला वाटलं, वर जाऊन बघावं. आणि वर तिला काय दिसलं, तर भर उन्हात साठ पॅनेलं पांघरूण घेऊन झोपलेली आणि शेजारी सासराही.

“ढग आला व्हता,” भगवान म्हणाला.

“अहो, मग येऊ दे ना! ढगाखाली कमी तयार होते, पण होते! तुम्ही तर सगळं बंदच करून टाकलंत! वर्षभर स्वतः पुसता बाबा तुम्ही ही, आणि आज, आजच्याच दिवशी… इतकं साधं कसं कळत नाही तुम्हाला?”

खरंच, इतकं साधं. मीठ झाकलं की राहतं. ऊन झाकलं की जातं. तो दोरीचं टोक हातात धरून उभा होता, ती ओरडत होती, आणि त्याला नऊ वर्षांचा भगवान दिसत होता, चड्डी चिखलानं माखलेली. असाच एप्रिल. बा वजनाच्या माणसाला बोलवायला गावात गेला होता. जाताना म्हणाला होता, “राशीवर लक्ष ठेव. ढग आयला तं झाक.” रास म्हणजे अख्ख्या महिन्याचं मीठ, त्याच्या डोक्याहून उंच, शेजारी गवताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. आणि ओहोटीच्या चिखलात निवट्या, बिळात राहणारे ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. एक पकडली, मग दुसरी. निवटी बिळात शिरते तेव्हा दुसऱ्या तोंडाशी हात लावून बसायचं, श्वास धरायचा. आभाळाकडे कोण बघतं. पाठीवर थेंब पडला तेव्हा त्यानं मान वर केली, आणि पळत सुटला, पण चिखलातून पळणं म्हणजे काय. पहिली पेंढी त्यानं राशीवर टाकली तेव्हा रास खचायला लागली होती. अर्धा तास पाऊस. पांढरं पाणी बांधावरून वाहत खाडीकडे गेलं. मग ऊन पडलं, आणि बा आला. बा बांधावर बसला. उरलेल्या ढिगाकडे बघत राहिला, गुडघ्याएवढा राहिला होता. भगवान समोर उभा, मार खायला तयार, जवळजवळ मार मागत. बा काही बोलला नाही. रात्री आईनं निवट्यांचं कालवण केलं. बा जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, “बऱ्या हायत निवट्या.” बस. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, वीस वर्षांनी मरताना नाही. मिठाचं नाव त्यानं पोरापुढे काढलं नाही. चांगला होता बा. कोणालाही सांगितलं तर म्हणतील, किती चांगला. पण भगवान आयुष्यभर समोर उभाच राहिला होता, चड्डीला चिखल, हातात दोन निवट्या, वाट बघत. प्लॉट मिळाला, इमारत झाली, नारळ वाढवला, तरी उभाच.

आणि आज सत्तावन्न वर्षं उशिरा का होईना, कोणीतरी त्याला रागावलं होतं. चांगलं, मोठ्यानं, चारचौघांत. छातीत सैल झालेली गाठ तीच होती. डॉक्टरचं काम नव्हतं.

रेवाचा श्वास खाली आला. आपण काय बोललो, कोणाला बोललो, ते तिच्या ध्यानात आलं असावं. टेस्टर खिशात टाकत ती हळूच म्हणाली, “सॉरी, बाबा. मी असं नको होतं…”

“नाय नाय,” भगवान घाईघाईनं म्हणाला, “सॉरी नको बोलू. राहू दे तसाच.” आणि आपल्याच बोलण्यानं ओशाळून तो गाठीकडे वळला. टोक खेचलं. ताडपत्री सळसळत बाजूला झाली आणि ऊन काचांवर सांडलं. रेवानं दुसऱ्या गाठीला हात घातला, ती ओढत बसली, मग त्यानं दाखवलं तसं टोक खेचलं, आणि गाठ झटकन सुटली तेव्हा तिच्या तोंडून “अरे वा!” निघून गेलं. रागातसुद्धा. भगवानला ते फार आवडलं.

सगळं उघडून झाल्यावर तिनं हिशेब मांडला. ताडपत्रीखाली तीस युनिट गेले होते. आता उन्हानं कितीही जोर लावला तरी सहा वाजता पेठ दहाएक युनिट मागे राहणार. “जास्त तर आता तयार होणार नाही,” ती म्हणाली. “कमी वापरली तरच. पण वर्किंग डे आहे, कोण एसी बंद करणार? आणि काय सांगून?”

काय सांगून, हा प्रश्न होताच. भगवाननं चपला घातल्या. “मी बघतो,” म्हणाला, आणि जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं, की भाडेकरूंच्या दुकानात आपण आजवर फक्त उद्घाटनाला गेलो आहोत, पेढा खायला.

पहिलं दुकान हितेशचं. भगवान काउंटरपाशी उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “हितेश, एक चूक झाली माझी.” हितेश घाबरला. मालकाच्या तोंडून असं वाक्य म्हणजे बहुतेक दुकान खाली करायची नोटीस. “मी वर पॅनेलं झाकली. मीठ समजून.” हितेशनं चमचा खाली ठेवला. “काय समजून?” मग सांगणं आलं. इथं आगर होतं. आग्रा नाही, आगर, मिठाचं. तुझा हा फ्रीज आहे ना, तिथं आमच्या मिठाची रास असायची. ढग आला की झाकायची. हात विसरले नाहीत, डोकं विसरलं. हितेशनं फ्रीजकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि एवढा हसला की आतून त्याची बायको भाविका बाहेर आली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आइस्क्रीमचा फ्रीज बंद करणं शक्य नव्हतं. पण एसी बंद झाला, बाहेरची लुकलुकणारी पाटी बंद झाली, वरचे आठ दिवे बंद झाले. “काका, सहापर्यंत ना? अंधारात पण कुल्फी विकतो मी.”

दुसऱ्या दुकानात त्याला लाज वाटली, तिसऱ्यात कमी वाटली. चौथं कुमुदचं ब्यूटी पार्लर, तिथं खुर्चीत तोंडाला लेप लावून बसलेल्या बाईनंच विचारलं, “मग तुम्हाला मारलं नाही का वडिलांनी?” कारण तोपर्यंत गोष्टीत निवट्याही आल्या होत्या, कशा आल्या त्याला कळलं नाही. “नाय,” तो म्हणाला, “तेच तं.” कुमुदनं ड्रायर ठेवून दिला आणि हातपंख्यानं तिला वारा घालू लागली. सहाव्या दुकानापासून भगवान ‘आम्ही’ म्हणायचा थांबला. आमी आगरी, आमचा बा काशीराम, आमचं मीठ असं मोठं पडायचं, हिऱ्यावानी. हात पसरून, बोटं चोळून तो सांगत होता, आणि माणसं ऐकत होती, आणि त्याला हे फार म्हणजे फारच बरं वाटत होतं. जे मागे ठेवलं होतं ते बाहेर काढायला एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कशासाठी जपलं, हे त्याचं त्यालाच उमगेना. नवव्या दुकानात तर तो पोचण्याआधी गोष्ट पोचली होती, शिंप्यानं आधीच पंखा बंद केला होता आणि घाम पुसत म्हणाला, “तरी सांगा, मोकलसाहेब. तुमच्या तोंडून ऐकू.” जिममध्ये पट्ट्यावर धावणारी मंडळी खाली उतरली आणि जिन्यात वरखाली करू लागली. चौदावं दुकान झालं तेव्हा साडेपाच वाजले होते, घसा बसला होता, आणि मालूनं त्याला आपल्याजवळचं पाणी दिलं. तिला चूक समजली तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, “मीच वरडले ना दादा तुमाला! आता मला पन बोला काय बोलाचा ते.” भगवान म्हणाला, “तुला नाय बोलणार. तू मला उठवलंस.”

सहा वाजता सगळी पेठ बॅटऱ्यांच्या खोलीपुढे जमली. वीज कंपनीचा माणूस आला होता, उदयसिंह चष्मा लावून, वही उघडून खुर्चीत बसले होते. रेवानं मीटर वाचला. एकदा घेतलेली वीज, एकदा दिलेली. मग थांबली. भगवानला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता. वर पश्चिमेला गच्चीच्या कडेवर ऊन तिरकं पडलं होतं. उद्या तिथं त्याचं फडकं असेल, नाहीतर कोणा गोऱ्या बाईचं साबणाचं चित्र. त्याला एकदम कळलं, की हरलो तरी आपण आजचा दिवस परत देणार नाही. पण गच्ची हवी होती. फार हवी होती.

“सात,” रेवा म्हणाली. “सात युनिट पुढे.”

हितेशनं शिट्टी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या, दुकानांचे दिवे एकेक करत पेटू लागले. उदयसिंहांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “एक मिनिट. पश्चिमेचं छत दोन दहा ते तीन पस्तीस बंद. वहीत कारण लिहायला हवं.” रेवानं पटकन म्हटलं, “ढगाळ हवामान लिहा ना, काका.” ती त्याला झाकत होती. अडीच तासांपूर्वी एवढं ओरडलेली पोरगी भर सभेत त्याच्यावर ताडपत्री ओढत होती, आणि भगवानला तिची इतकी माया वाटली की डोळे भरून आले.

“नाय,” तो म्हणाला. “झाकू नको. लिवा उदयशेठ. भगवान काशीराम मोकल, मीठ झाकत व्हता.”

उदयसिंहांनी चष्म्यावरून पाहिलं. हा माणूस असलं काही लिहिणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी पेन झटकलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं. मग वहीच्या वरच्या बाजूला, जिथं ‘आग्रा नाका व्यापारी पेठ’ असं छापलेलं होतं, तिथं ‘ग्रा’वर आडवी रेघ मारून त्याच शाईनं ‘गर’ केलं. माप तपासावं तसं एकदा तपासलं आणि वही मिटली.

परत जाताना जिन्यात रेवा म्हणाली, “बाबा, खरंच, दुपारी मी खूप बोलले.”

“बोललीस तं बरा झाला,” भगवान म्हणाला. “परत चुकलो तं परत वरड. लाजू नको.” आणि मग, आपल्यात कोण बोलतं असलं काही, तरी तो बोलला, “तुझ्यामुळे मी जिता झालो पोरी, या गच्चीवर.”

ती पुढच्या पायरीवर थांबली, जिन्यात पडलेली ताडपत्रीची दोरी उचलून गुंडाळू लागली. भगवान दोन पायऱ्या खाली उभा होता. खाली बाजार उजळला होता, मालू मासळीवरचं प्लास्टिक काढत होती, खाडीकडून वारा सुटला होता. आणि त्याला हसू फुटलं. आधी बारीक, मग कठडा धरून, पोट धरून.

“काय झालं, बाबा?”

“काय नाय,” तो म्हणाला. ते तिला सांगायचं नव्हतंच. ते तो मनातल्या मनात बांधावर बसलेल्या माणसाला सांगत होता: बा, या खेपेला वेळेवर झाकलं रं मी.